घासणार कोण?

२३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तीन महिन्यांची मुदत संपली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. सदाशिव पेठेत मेस चालवणाऱ्या आम्हा मंडळींच्या दारात पर्यावरण आलं ते असं, पावतीपुस्तक हातात घेऊन. तोवर आमची निम्मी आमटी-भाजी पातळ पिशव्यांतूनच बाहेर पडायची. पिशवीला पीळ द्यायचा, तोंडाला गाठ मारायची, वर रबरबँड. उकळती आमटी ओतली की पिशवी मऊ पडते आणि तिला एक वास येतो. तो वास सगळ्यांना येत होता, बोलत कोणी नव्हतं.

माझे मेंबर बहुतेक स्पर्धा परीक्षेची मुलं. बीड, लातूर, बुलढाणा, धुळ्याकडून आलेली, एका खोलीत चौघं राहणारी, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी. काही जण येऊन जेवतात, बाकीच्यांना दोन वेळचा डबा जातो. पोळ्यांना दोन बायका, भांड्यांना मावशी, डबे पोचवायला एक मुलगा, आणि स्वयंपाकाला मी.

बंदीनंतर सगळा बाजार पर्याय शोधायला लागला. रविवार पेठेतल्या दुकानदारांनी हसतमुखाने नवा माल पुढे केला. कापडासारखी दिसणारी, 'नॉन-ओव्हन' नावाची पिशवी त्यात पहिली. तिच्या कडेला काडी लावून पाहिली. सुती कापड जळून त्याची राख होते. ही पिशवी आक्रसली आणि काळा कडक मणी होऊन थांबली. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तेही बंदीच्याच यादीतलं. मग कागदी वाट्या आल्या. एक वाटी रात्रभर पाण्यात घालून ठेवली. सकाळी कागदाचा लगदा सुटून निघाला आणि हातात राहिला पारदर्शक पापुद्रा, वाटीच्याच आकाराचा. सुपारीच्या विरीची ताटं मात्र खरोखर चांगली, आमटी धरून ठेवतात, कुजतातही. पण ती किनाऱ्याकडून ट्रकने यायची, पुण्यात एकदा जेवून व्हायची आणि कचऱ्यात जायची. त्यात मेसच्या ताटाचा दर किती आणि त्या विरीच्या ताटाची किंमत किती! एक टाकाऊ वस्तू काढून तिथे दुसरी टाकाऊ वस्तू ठेवली की आपल्या मनाला बरं वाटतं, पुरवठादाराचं भलं होतं, याउप्पर फारसं काही होत नाही असं माझं मत तेव्हा झालं, ते आजही तसंच आहे.

तेव्हा स्टीलचा डबा. नवं काही नाही त्यात. मुंबईत डबेवाले १८९० पासून हेच करत आले. धातूचा डबा सकाळी जातो, दुपारी परत फिरतो. पृथ्वी वाचवायला म्हणून नव्हे, डबा महागाचा म्हणून. त्या व्यवस्थेचं कौतुक जगभर झालं, होत राहील. पण त्या गोष्टीतलं एक पात्र कायम पडद्याआड असतं: संध्याकाळी घरी तो डबा उघडून घासणारी बाई.

माझ्याकडे ते पात्र पडद्याआड राहायला तयार नव्हतं. डबे आणायचं ठरतंय हे कानावर गेल्यावर मावशी मोरीतून न उठताच म्हणाल्या, "ताई, तुमचं प्लास्टिक बंद झालं ते झ्याक झालं. पर घासायचं कुणी? माझं हात दोनच हायत की."

या विषयावर मी पुढे बरीच भाषणं ऐकली, वर्तमानपत्रांतले सल्ले वाचले. कापडी पिशवी घ्या, डबा न्या, ओला-सुका वेगळा करा, खत करा, पाणी वाचवा. मावशींच्या प्रश्नाला हात घालणारं त्यात काही सापडलं नाही. जो बदल कुणाचं तरी काम वाढवतो आणि त्या वाढलेल्या कामाचा मोबदला कुठेच मांडत नाही, तो चार दिवस टिकतो. पाचव्या दिवशी ती बाई काम सोडते किंवा घरातली सून गप्प होते, आणि पिशवी परत येते.

म्हणून आधी हिशेब केला. डबे आल्यावर पिशव्या, वाट्या, रबरबँड यांचा महिन्याचा खर्च उरणार होता. तो सगळा घासण्याच्या बाजूला वळवला. मावशींचा पगार वाढवला आणि संध्याकाळपुरती त्यांच्याच वस्तीतली एक मुलगी घेतली. खरा पैसा गेला तो मोरीत. बसून घासायची जुनी मोरी फोडून कमरेइतका कट्टा केला, दोन खोल सिंक बसवले, खाली गाळणीची जाळी. प्लंबरने खर्च सांगितला तेव्हा आमचे हे म्हणाले, "एवढ्यात दोन वर्षांच्या कागदी वाट्या आल्या असत्या." आल्या असत्या. पण मावशींचे गुडघे तसेच राहिले असते. उभ्याने काम सुरू झाल्यावर त्या पहिला आठवडाभर कुरकुरल्या, मग मोरीबद्दल त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. आमच्या कामात यालाच शाबासकी म्हणतात.

डबा हे प्रकरण लांबून दिसतं तितकं सरळ नाही. तीन कप्पे, झाकण, वरची दांडी, बाजूचे खटके. कप्प्याची कड बाहेरून दुमडलेली असते. त्या दुमडीत वरण सुकून बसलं की घासणीने निघत नाही, नखाने निघत नाही, टाचणीच लागते. म्हणून मी दुमड नसलेले, एकसंध कडेचे डबे शोधले. जरा महाग पडले. भांड्यांच्या दुकानात प्रत्येक कप्प्यावर नंबर घालून घेतला, कारण मेंबर बदलतात, नावं घालून काय करणार. मुलांकडून अनामत रक्कम घेतली आणि एकच नियम सांगितला: डबा विसळून परत द्यायचा. साबण नको, घासायचं नाही, फक्त पाण्याने विसळायचा. अर्ध्या मुलांनी ऐकलं. उरलेल्यांनी ऐकावं म्हणून मी मावशींनाच सुचवलं की न विसळलेला डबा आला तर तुम्हीच त्या पोराला सांगा. कॉलेजची पदवी घेतलेली, उद्या तहसीलदार व्हायला निघालेली ती मुलं मावशींसमोर उभी राहून "उद्यापासून विसळतो" म्हणायची. काहींनी शब्द पाळला. एकाने दिवाळीला डबाच गावी नेला. परत आला तो तिन्ही कप्प्यांत चिवडा भरून. त्याला काय बोलणार!

पाण्याचा आक्षेप मात्र खरा आहे. स्टील घासायला पाणी लागतं, आणि पुण्याचं पाणी म्हणजे मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांवरची भिस्त. मे महिन्यात पेठांतसुद्धा टँकर दिसतात. नळ सोडून डबे घासले तर प्लास्टिक वाचवून पाण्याची नासाडी केल्यासारखंच झालं. आमच्याकडे नळ घासताना बंद. आधी खरकटं नारळाच्या शेंडीने कोरडंच पुसून काढायचं, मग साबणाच्या पाण्याचा सिंक, मग निवळ पाण्याचा. शेवटच्या सिंकातलं पाणी संध्याकाळी पहिल्या धुण्याला. ही पद्धत मी शिकवली नाही. मावशींच्या गावी पाणी विहिरीवरून डोक्यावर यायचं, त्यांना पाण्याबद्दल मी काय सांगणार?

खरकट्याची गोष्ट याहून मोठी, आणि खरं सांगायचं तर मेसवाल्याचा सगळा जीव तिथेच अडकलेला असतो. आमचा ओला-सुका कचरा न्यायला 'स्वच्छ'ची ताई येते. कचरावेचकांची ही सहकारी संस्था; तिचं मूळ बाबा आढाव आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली उभ्या केलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत आहे, आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून या बायका दारोदार कचरा गोळा करतात. सुका माल विकून येणारे पैसे त्यांचे. त्या ताईने मला एकदा रद्दीची एक थप्पी उलटी करून दाखवली. वरचा कागद कोरडा, आतले सगळे आमटीने माखलेले. "हे आता कुणी घेत न्हाई, काकू. ह्यो माझा आजचा रोज गेला." वर्गीकरण करा असं सांगणारी जितकी पत्रकं माझ्या दारात पडली असतील, त्या सगळ्यांपेक्षा ती थप्पी जास्त बोलली. न निवडलेला कचरा पुढे कुठे जायचा तेही माहीत होतंच. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोकडे जाणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या तिथल्या गावकऱ्यांनी अडवल्या की आमच्या कोपऱ्यावर ढीग साचायचा आणि सगळ्या पेठेला त्या गावांची आठवण यायची. गाड्या सुटल्या की विसरही पडायचा.

मेसमध्ये वाया जाणारं अन्न दोन प्रकारचं. एक ताटातलं, एक पातेल्यातलं. ताटातल्यासाठी सगळ्या खानावळींत पाटी असते, 'अन्न वाया घालवू नये'. माझ्याकडेही होती. ती पाटी वाचून कुणी घासभर जास्त खाल्ल्याचं मला आठवत नाही. मग पाटी राहू दिली आणि पळी बदलली. भाताचा मोठा डाव काढून लहान आणला. दोनदा मागा, चारदा मागा, मी वाढते. पण पहिलं वाढणं लहान. पोळी घडी घालून दोन एकदम न देता एकेक गरम. मुलांना वाटलं काकूंनी हात आखडता घेतला. आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की पोट तेवढंच भरतंय, शिवाय पोळी गरम मिळतेय. ताटात उरणारा भात एवढा कमी झाला की खरकट्याची बादली मावशी एका हाताने उचलायला लागल्या.

पातेल्यातलं अन्न ही मात्र माहितीची गोष्ट. किती जण जेवणार हे कळलं नाही की बाई जास्तच शिजवते, कमी पडण्याची लाज मोठी. शनिवारी-रविवारी मुलं मित्रांकडे जातात, परीक्षेच्या आदल्या दिवशी अर्धी जेवत नाहीत, निकालाच्या दिवशी तर कुणी सांगावं. एका मेंबरने व्हॉट्सॲपवर गट केला. रोज रात्री नऊला प्रश्न येतो: उद्या सकाळी, उद्या रात्री, हो की नाही? 'हो' सांगून जेवायला न आलेल्याचे पैसे कापले जातात. न येण्याचं आधी सांगितलं तर खाडा मिळतो. खाडा हा शब्द मेसच्या मुलाला आईच्या फोनइतका जिव्हाळ्याचा, त्यामुळे उत्तरं वेळेवर येतात. इतक्या सगळ्या उपद्व्यापांत सर्वांत जास्त फरक कशाने पडला असेल तर या प्रश्नाने. तांदूळ, डाळ, तेल, गॅस, घासणं, कचरा, सगळंच एका जागी कमी झालं आणि कुणाचं काम वाढलं नाही. फोटो काढून दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही, म्हणून बहुधा कुणी सांगत नसावं.

गॅसबद्दल थोडक्यात. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा, निळा. तो किती दिवस पुरला हे प्रत्येक मेसवाल्याच्या ओठांवर असतं. छोले-राजमा रात्री भिजत, तूरडाळ सकाळी उठल्याबरोबर पाण्यात, कढईवर झाकण, आणि आठवड्यातून एकदा बर्नरची भोकं तारेने साफ. भोकं बुजली की ज्योत पिवळी होते, पातेल्यांची बुडं काळी होतात आणि ती काळी बुडं पुन्हा मावशींच्याच वाट्याला येतात.

याच सुमारास आमच्या ह्यांनी बायोगॅसचं मनावर घेतलं. पुण्यात आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर चालणारं छोटं सयंत्र तयार केलं होतं; २००६ साली त्याला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. प्लास्टिकच्या दोन टाक्या, एक मोठी, तिच्यात दुसरी उपडी. गॅस जमला की वरची टाकी उचलली जाते. हे निवृत्त होते, उत्साह दांडगा. मागच्या बोळात सयंत्र बसलं, गोठ्यातून शेणकाला आणून सुरुवात झाली, आणि रोज दुपारी ते खरकटा भात मिक्सरमधून काढून टाकीत ओतायला लागले. मिक्सर वेगळा घ्यावा लागला, ते सांगायला नको. लिंबाची सालं, अंड्याची टरफलं, कांद्याची फोलपटं टाकायची नाहीत. एकदम जास्त घातलं तर आतलं सगळं आंबतं, आम्ल करणारे जीवाणू पुढे पळतात आणि गॅस करणारे मागे राहतात. मग चार दिवस टाकीला उपास. थंडीत गॅस कमी. वरची टाकी वर आली की हे घरात येऊन जाहीर करायचे. सकाळ-संध्याकाळचा चहा आणि थोडं गरम पाणी त्यावर व्हायचं. निळा सिलिंडर त्याने हटला नाही, पण ओल्या कचऱ्यातला बराच भाग दाराबाहेर जायचा थांबला.

मग ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाकीत रोज कोण ओतणार? मावशी सरळ नाही म्हणाल्या आणि मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. पोळ्यांच्या बायकांचे हात पिठात, मुलगा डब्यांवर, मला वेळ नाही. टाकी आंबली, शेजाऱ्यांनी नाक धरलं, सयंत्र रिकामं केलं. आता त्या मोठ्या टाकीत आम्ही उन्हाळ्यासाठी पाणी साठवतो. यंत्रात काही खोट नव्हती. ते एका माणसाच्या हौशीवर चालत होतं, आणि हौस ही कुणाची नेमणूक नसते. ओला कचरा आता पुन्हा 'स्वच्छ'ची ताईच नेते. फक्त तो कमी असतो आणि निवडलेला असतो.

मेसमध्ये जेवून गेलेली थोर मंडळी कधी कधी मला म्हणतात, "काकू, हे सगळं आपल्या आज्यांना ठाऊक होतं." होतं ना. दोडक्याच्या शिरांची चटणी, लाल भोपळ्याच्या सालीची चटणी, कोथिंबिरीच्या देठांचं वाटण, रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा. हे मीही करते, मुलं बोटं चाटून खातात. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने तर घरच्या कचऱ्यावर गच्चीत पीक काढायची विद्या शास्त्रशुद्ध मांडली. पण आज्यांचं नाव घेणाऱ्याला मी एवढंच विचारते, की तुमची आजी किती वाजता उठायची? माझी चारला उठायची. शिरा सोलून वेगळ्या करायला, सालं किसायला, राखेने भांडी घासायला, फाटक्या लुगड्याच्या गोधड्या शिवायला जो वेळ जायचा त्याला किंमत नव्हती, म्हणून ती काटकसर स्वस्तात पडली. ती जशीच्या तशी परत आणायची म्हणजे ते चार वाजताचं उठणंही परत आणायचं. मला ते नको आहे. शिरांची चटणी मी करते ती शिरा सोलायला पोळ्यांच्या बायकांना अर्धा तास मोकळा मिळतो त्या दिवशी. नाही मिळाला तर शिरा कचऱ्यात जातात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

अलीकडे बाणेरच्या एका कंपनीतून फोन आला. त्यांच्या ऑफिसात 'हरित महिना' होता. रोज दुपारी चाळीस जेवणं हवी, आणि ती 'कंपोस्टेबल' डब्यांत हवी. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. मी विचारलं, ते डबे जेवण झाल्यावर कुठे जाणार? ती म्हणाली, "कचऱ्यातच, पण ते विघटनशील आहेत ना, काकू." तुमच्याकडे खताचा खड्डा आहे? नाही. मग ओल्या कचऱ्यात टाकणार की सुक्यात? त्यावर ती जरा थांबली. मी म्हटलं, स्टीलचे डबे पाठवते, परत द्या. ती म्हणाली, ऑफिसच्या पॅन्ट्रीत विसळायला कुणी नाही, हाउसकीपिंगवाल्यांना सांगून बघते. मी म्हटलं, सांगून बघू नका. त्यांचा अर्धा तास वाढणार आहे, त्याचे पैसे कंपनी देईल का ते आधी विचारा.

दोन दिवसांनी निरोप आला की ते शक्य नाही, बजेटमध्ये ती ओळ नाही. शेवटी असं ठरलं की रोज नको, आठवड्यातून दोनदा जेवण जाईल, डबे न विसळता परत येतील आणि घासण्याचा दर मी लावेन. लावला. बिलात जेवणाची ओळ वेगळी, वाहतुकीची वेगळी आणि 'डबे घासणे, नग चाळीस' ही तिसरी. पहिल्या बिलावर त्यांच्या अकाउंट्सकडून शंका आली की हे काय आहे. मी फोनवर समजावून सांगितलं. पुढच्या बिलापासून शंका आली नाही, आणि त्या ओळीचे पैसे मावशी आणि संध्याकाळची मुलगी निम्मे-निम्मे वाटून घेतात.